घराचं काम काढताय? डोक्याला ताप देणाऱ्या या चुका टाळा

"साहेब, टाइल आडवी लावू की उभी? माणूस थांबलाय." मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी मीटिंग सोडून ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. घाईत "उभी" म्हणालो. संध्याकाळी घरी जाऊन पाहतो तर बायकोने हौसेने निवडलेली नक्षीची पट्टी नेमकी बेसिनच्या आड गेलेली. "हे कोणी ठरवलं?" या तिच्या प्रश्नानंतर दोन दिवस घरात धड बोलणं नव्हतं.

धूळ, आवाज, पसारा हे सगळं माणूस सोसतो. जीव खातात ते असे उभ्या उभ्या घेतलेले निर्णय. आमच्या ठाण्यातल्या जुन्या फ्लॅटचं काम करताना जे चुकलं आणि जे जमलं, ते सांगतो.

हातोडा आधी, निवड नंतर

नळ, बेसिन, कमोड, टाइल, गिझर या सगळ्यांचं मॉडेल ठरल्याशिवाय तोडफोड सुरू करू नका. भिंतीत बसणारा डायव्हर्टर (पाणी नळाला सोडायचं की शॉवरला, ते बदलणारा भाग) कोणता, यावर पाइप कुठून न्यायचे ते ठरतं. नंतर बदललात तर केलेली भिंत पुन्हा फोडावी लागते. आम्ही स्वयंपाकघरात एक गोष्ट बरी केली. रिकाम्या भिंतीवर खडूने फ्रीज, मिक्सर, वॉटर प्युरिफायर काढले आणि मग प्लगच्या जागा ठरवल्या. ओट्याची उंचीही जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला उभं करूनच मोजा. हात दुमडल्यावर कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा आला की पाठ दुखत नाही.

आणि मिस्त्रीशी घरातल्या एकानेच बोलायचं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या की त्याला सोयीची असेल ती तो करतो, त्यात त्याचा काय दोष?

टाइल मोजणीपेक्षा दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या घ्या. कमी पडल्या आणि दुसरी बॅच आली, तर रंगातला फरक रोज डोळ्यांत खुपतो.

एकाच आकड्यावर विश्वास

"सगळं मिळून इतके" असं कोटेशन घेऊ नका. प्रत्येक काम वेगळं लिहून मागा. जीएसटी धरलाय का, राडारोडा खाली उतरवून वाहून नेण्याचे पैसे कुणाचे, हेही त्यात यायला हवं. नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" लिहिलेलं पुरत नाही. सिंकखाली आयएस 710 मार्कचा, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन प्लाय हवा, बेडरूमच्या कपाटाला आयएस 303, म्हणजे सर्वसाधारण वापराचा चालतो. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, आणि शेवटचे दहा टक्के सगळे नळ, दारं, ड्रॉवर तपासून झाल्यावरच.

कोटेशनच्या वर आणखी दहा-पंधरा टक्के रक्कम अचानक निघणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवा. आमच्या बाथरूमची भिंत फोडली तेव्हा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप इतका गंजलेला निघाला की बोट लावलं तरी पापुद्रे सुटत होते. तो बदलण्यावाचून इलाजच नव्हता.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची घाई

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं याच बाबतीत आहे. जुन्या टाइल काढल्यावर वॉटरप्रूफिंगचे थर नीट वाळू द्या. मग नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड) बंद करून जमिनीवर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि 48 तास हात लावू नका. खालच्या घरातल्या काकूंना आधीच सांगून ठेवा, आणि दोन्ही दिवस त्यांच्या बाथरूमचं छत स्वतः जाऊन पाहा. छत कोरडं राहिलं तरच टाइल लावा. लाद्या बसल्यावर बादलीभर पाणी ओता. ते आपसूक ट्रॅपकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात थबकलं तर उतार चुकलाय, आणि तो त्याच दिवशी दुरुस्त करून घेणं सोपं असतं.

काम संपल्यावर खाली गळती दिसली तर लगेच फोडाफोड नको. पाणी रात्रंदिवस ठिबकतंय की फक्त आंघोळीनंतर, ते पाहा. सतत ठिबकत असेल तर आधी पाणी येण्याच्या पाइपवर संशय घ्या. वापरानंतरच येत असेल तर ट्रॅपचा सांधा किंवा जमीन तपासा.

सोसायटी आणि तारीख

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि डिपॉझिट हे आधीच उरकून घ्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. जुन्या इमारतीत तर जाड भिंतींवरच भार असू शकतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भिंत पाडू नका.

"दिवाळीच्या आत" हा हट्टही सोडा. अनेक सुतार, रंगारी राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे. दिवाळी-छठला ते गावी जाणारच, त्यांनाही घर आहे. पावसाळ्यात प्लास्टर लवकर वाळत नाही. ओल्या भिंतीवर रंग दिला की फुगे येतात. आलेच तर वरून आणखी एक हात मारू नका. खरवडा, पूर्ण वाळू द्या, मगच रंगवा.

धुळीत राहण्याचा हट्ट

आईला दमा आहे, तरी पहिला आठवडा आम्ही तिला घरातच ठेवलं. ते करायला नको होतं. तिचा खोकला वाढला, तेव्हा तिला मावशीकडे पाठवलं. घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर आधी त्यांची सोय लावा.

प्लास्टर चढण्याआधी मी प्रत्येक भिंतीतल्या वायर-पाइपचे फोटो काढले होते, शेजारी मेजरिंग टेप धरून. दोन महिन्यांनी देव्हाऱ्याची फळी लावायला सुतार ड्रिल घेऊन आला. आईने फोनमधला फोटो उघडला, भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे नको बाळा, इथून वायर गेलीय. वीतभर उजवीकडे घे."