ब्रॉडबँड बदलताना घरातला कारभारी एकच ठेवा

जुनी लाइन आधी तोडू नका. नवी लाइन चालू होऊन आठवडाभर नीट टिकली की मगच जुनीला रामराम करा. थोडे दिवस दोन्हींचे पैसे जातात, जाऊ द्या. मी एकदा ते वाचवायला गेलो आणि तीन दिवस बिननेटचा बसलो. त्याचं कारण पुढे येईलच.

नव्या कंपनीकडे चौकशी करताना लोक फक्त वेग विचारतात. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा असतो. फाइल डाउनलोड होताना मेगाबाइट दिसतात, म्हणजे १०० चा प्लॅन घेतला तर १२.५ च्या वर काही दिसणार नाही आणि त्यात कुणी फसवलेलं नसतं. अपलोडचा वेग मात्र वेगळा विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, स्वतःचा राउटर वापरायचा असेल तर चार गोष्टी आधीच विचारून लिहून घ्या: कंपनीचा डबा (फायबरची तार ज्यात येते तो) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पूल म्हणून, टाकून देता का, पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कवरच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड काय, व्हीएलएएनचा (लाइनवरच्या वेगळ्या मार्गिकेचा) नंबर लागतो का, आणि पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा फक्त तुमचा इंटरनेट पत्ता, मिळतो की नाही. लाइन बसवायला आलेल्या मुलाला घाई असते. तो दाराबाहेर पडला की हीच माहिती काढायला कस्टमर केअरच्या फोनवर गाणी ऐकत बसावं लागतं.

बसवणं सोपं आहे. फायबरची काच केसाएवढी बारीक असते, त्यामुळे तार कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका आणि हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका. डब्यावरचा पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हवा. एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाहीये. तिथे तुमच्या हातात काही नसतं, तक्रार नोंदवा.

आता खरी गोम. कंपनीच्या डब्याला कोणी ओएनटी म्हणतं, कोणी ओएनयू, बरेच जण नुसतं मोडेम. पण आजकाल त्या डब्याच्या पोटात राउटरही असतो. म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम तो करतो. तुमचा राउटरही तेच काम करतो. तुम्ही एकाची वायर दुसऱ्यात खुपसली की घरात दोन कारभारी झाले. एका म्यानात दोन तलवारी.

माझ्या बाबतीत झालं ते असं. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच निघाला, १९२.१६८.१.१. लॅपटॉपवर वाय-फायच्या चारही कांड्या भरलेल्या, आणि खाली लिहिलेलं ‘इंटरनेट नाही’. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की दर वेळी माझाच राउटर उघडायचा, कंपनीचा डबा दिसायचाच नाही. माझ्या राउटरच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांची तीच मालिका होती, त्यामुळे कुठला पत्ता घरातला आणि कुठला बाहेरचा हे त्याला कळतच नव्हतं. मी वायर बदलली, प्लग बदलला, राउटरलाही शिव्या घातल्या. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने टाचणी घेतली आणि कंपनीच्या डब्यामागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली.

ही चूक करू नका. ‘रिसेट करून बघा’ हा इंटरनेटच्या बाबतीतला सगळ्यात आळशी सल्ला आहे. तुमचा स्वतःचा राउटर खुशाल रिसेट करा. कंपनीचा डबा रिसेट केला की त्यातलं पीपीपीओईचं लॉगिन आणि व्हीएलएएनचा नंबर पुसला जाऊ शकतो, माझा पुसला गेला. जुनी लाइन मी तोडून बसलेलो. तिसऱ्या दिवशी माणूस आला आणि पाच मिनिटांत सगळं परत भरून गेला.

तेव्हा आधी ठरवा, कारभारी कोण. वाटा तीन आहेत.

पहिली: कंपनीचाच डबा वापरा, तुमचा राउटर कपाटात ठेवा. घर लहान असेल तर यात काही कमीपणा नाही.

दुसरी: कारभार कंपनीच्या डब्याकडे आणि तुमचा राउटर फक्त वाय-फाय पसरवायला. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, झालं. नसेल तर क्रम पाळा: राउटर मोकळा असताना लॅपटॉप वायरने जोडा, राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (कंपनीचा डबा वाटतो त्या पत्त्यांत हा नाही ना, तेवढं पाहा), मग डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि शेवटी कंपनीच्या डब्याची वायर राउटरच्या लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या भोकात) घाला. वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या भोकात, नाही. वेगळ्या रंगाचं ते भोक बघून हात आपोआप तिकडे जातो.

तिसरी, आणि माझ्या पसंतीची: कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये, लॉगिन तुमच्या राउटरमधून. शक्यतो ब्रिज कंपनीकडूनच करून घ्या. स्वतः करणार असाल तर आधी डब्याच्या वॅन सेटिंगच्या पानाचे मोबाइलने फोटो काढा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणूनच तो आधी मागून ठेवा म्हटलं. हे काम वायर लावूनच करा, कारण ब्रिज झाल्यावर डब्याचं वाय-फाय बहुतेक वेळा बंद पडतं. मग राउटरमध्ये कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई निवडा, लॉगिन भरा, सांगितला असेल तर व्हीएलएएन टाका, एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार) १४९२. सगळं बरोबर असूनही जोडत नसेल तर कंपनीने जुन्या डब्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून तो सोडवून घ्या.

जमलं की नाही ते राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपीत दिसतं. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर दोन कारभारी अजून आहेत. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर घरातलं काम चोख आहे, पण कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते आहे. बाहेरून घरचा कॅमेरा थेट उघडायचा असेल तर पब्लिक आयपी मागावा लागेल, राउटरशी कितीही झटापट केलीत तरी उपयोग नाही. आणि नुसतं वाचायचं-बघायचं असेल, तर खरं सांगतो, दोन कारभारी असूनही बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं चालतं. भांडण निघतं ते ऑनलाइन खेळ, कॅमेरे आणि पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडताना.

वाय-फायला नाव आणि पासवर्ड जुन्याचेच द्या, म्हणजे टीव्ही, प्रिंटर सगळे बहुतेक आपापले जोडले जातात. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, ॲडमिनचा पासवर्ड बदललेला. २.४ गिगाहर्ट्‌झला चॅनल १, ६ किंवा ११, मधला कुठलाही नको. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

वेग मोजायचा तो वायर लावून. प्लॅन ३०० चा आणि आकडा ९४-९५ वर अडतो आहे? कंपनीला फोन करण्याआधी वायरचं टोक उजेडात धरा. आत आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. चारच असतील, किंवा एखादी टोकापर्यंत पोचलेली नसेल, तर ती वायर १०० च्या पुढे जात नाही. आठही ठीक असतील तर पोर्टच १०० चा आहे का ते बघा.

आठवडा नीट गेला की जुन्या कंपनीला लेखी कळवा. तिने दिलेला ईमेल पत्ता कुठे नोंदवला असेल तर त्याआधी तो बदला. आणि जुना डबा परत करण्यापूर्वी टाचणी आता काढा: रिसेट करून आतला तुमचा वाय-फायचा पासवर्ड पुसा, सिरियल नंबरचा फोटो घ्या, आणि डबा हातात देताना पोच घेतल्याशिवाय सोडू नका.