न्यू जर्सीत कार अपघातानंतर दावा करताय? या चुका टाळा

'चूक समोरच्याची, म्हणजे दवाखान्याचं बिलही तोच भरणार' असं धरून बसू नका. न्यू जर्सीत नो-फॉल्ट कायदा आहे. चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च आधी तुमच्याच पॉलिसीतल्या पीआयपीमधून (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, म्हणजे स्वतःच्या इजेसाठीचं विमा संरक्षण) होतो. गाडीचं नुकसान मात्र चूक करणाऱ्याच्या विम्याकडून मागता येतं.

खरी मेख पॉलिसी घेतानाच बसते. एडिसनला नव्याने आलेली आपली कितीतरी मंडळी हप्ता कमी दिसतो म्हणून 'लिमिटेशन ऑन लॉसूट'वर, म्हणजे खटला भरण्याच्या हक्कावर मर्यादा घालणाऱ्या पर्यायावर, टिक करून मोकळी होतात. काहीच निवडलं नाही तरी तोच पर्याय लागू होतो, आणि नवरा-बायको व घरात राहणारी मुलं, सगळ्यांनाच तो बांधतो. मग वेदना-मनस्तापाची भरपाई मागायची तर दुखापत ठरावीक प्रकारांतलीच लागते: मृत्यू, अवयव तुटणं, ठळक विद्रूपता किंवा व्रण, हाड मोडून जागेवरून सरकणं, गर्भ गमावणं किंवा कायमची इजा. मान आखडली आणि महिन्याभरात मोकळी झाली, तर त्यावर खटला उभा राहत नाही. पीआयपीतून न मिळालेला बुडालेला पगार मात्र या अटीविना मागता येतो.

बहुतेक दावे 'कायमच्या इजे'वर अडतात. नुसतं 'अजून दुखतंय' चालत नाही. एमआरआयसारखा वस्तुनिष्ठ पुरावा लागतो. म्हणून बरं वाटतंय असं समजून उपचार मध्येच सोडू नका. प्रतिवादीचं उत्तर दाखल झाल्यापासून 60 दिवसांत डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, हे कोण देणार?

खटला दाखल करायची मुदत साधारण 2 वर्षांची. विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. धडक सरकारी बसची किंवा पालिकेच्या गाडीची असेल, तर 90 दिवसांत नोटीस द्यायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

तुमची चूक 50 टक्क्यांहून जास्त ठरली तर हाती काहीच लागत नाही. त्याहून कमी असेल तर तेवढी रक्कम कापली जाते. आणि स्वतःच्या गाडीचा विमा संपू दिलात, तर ती चालवताना झालेल्या इजेसाठी दावा करायचा हक्कच जातो.

पॉलिसीचं डिक्लरेशन पेज (तुमच्या विम्याचा गोषवारा असलेलं पान) आजच काढा. कोणता पर्याय आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. परवडत असेल तर 'नो लिमिटेशन', म्हणजे ही मर्यादा नसलेला पर्याय घ्या, माझं ठाम मत आहे. कंपनीला लेखी कळवून बदल करता येतो, पण तो पुढच्या अपघातांनाच लागू होतो.