ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे: पहिल्यांदा उतरण्याआधी

ट्रॅक डेला नवख्या चालकांच्या शेजारी बसून शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो: "माझी गाडी यासाठी पुरेशी आहे ना?" विचारणाऱ्याच्या मनात इंजिनाची ताकद असते. मी त्यावर विचारतो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय? बहुतेकांना आठवत नसतं. ताकदीचा विचार महिनोन्‌महिने केलेला असतो आणि गाडी थांबणार कशी, याचा मात्र अजिबात नाही. या छंदात नवी माणसं यावीत असं मला मनापासून वाटतं. ती धडधाकट घरी जावीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी दोन प्रकार वेगळे करून घेऊ. मी ज्या ऑटोक्रॉसबद्दल बोलतोय त्यात एका मोठ्या पक्क्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून मार्ग आखलेला असतो. तुम्ही एकटेच घड्याळाविरुद्ध गाडी चालवता. वळणं इतकी जवळजवळ असतात की साधी गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहते. कोन पाडला की वेळेत दंड जमा होतो. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या नियमांत एका कोनाला 2 सेकंद. काही देशांत मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीलाही ऑटोक्रॉस म्हणतात, पण तिथली तयारी निराळी असते, ती इथे नको. ट्रॅक डे म्हणजे खऱ्या रेसिंग सर्किटवर एकाच वेळी अनेक गाड्या, साधारण वीसेक मिनिटांची सत्रं आणि अनुभवानुसार पाडलेले गट. ही शर्यत नसते. नवख्यांच्या गटात ओव्हरटेकिंग ठरलेल्या जागीच आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच करायचं असतं.

दोन्हीकडे चुका त्याच होतात, पण त्यांची किंमत फार वेगळी असते. ऑटोक्रॉसमध्ये गाडी गर्रकन फिरली तर चार कोन उडतात आणि थोडा टायर झिजतो. सर्किटच्या कडेला खडी, टायरची भिंत, गार्डरेल नाहीतर काँक्रीट असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ताशी 100 किमीवरून चाळीसेक मीटरमध्ये थांबते. तीच 200 वरून थांबायला दीडशे मीटरच्या वर जागा लागते. हे अंतर डोळ्यांनी जोखायची सवय रस्त्यावर गाडी चालवून लागत नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. पहिला हंगाम ऑटोक्रॉसमध्ये घालवा. टायरची पकड सुटते तेव्हा स्टिअरिंग हलकं कसं होतं, मागची बाजू कधी बाहेर जायला बघते, हे तिथे पुन्हापुन्हा अनुभवता येतं. एक गोष्ट तर तिथेच शिकून घ्यावी अशी आहे. वळणाच्या मधोमध माणूस घाबरतो आणि अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलतो. रस्त्यावर आपण हेच करत आलेलो असतो. पण पकडीच्या टोकाला असलेल्या गाडीत पाय उचलताच वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी शेपटीकडून फिरते. हे मैदानावर होऊ द्या. भिंतीजवळच्या वेगवान वळणात होऊ नये.

ऑटोक्रॉस सुरक्षित आहे म्हणजे निर्धोक आहे असं नाही. तिथला मोठा धोका असतो पायी चालणाऱ्यांना. पडलेले कोन उभे करायला मार्शल, म्हणजे मार्गावर लक्ष ठेवणारी माणसं, मार्गाजवळ उभे असतात, आणि बहुतेक ठिकाणी आपली फेरी झाली की ते काम आपल्यालाच करायचं असतं. अशा वेळी धावत्या गाडीकडे पाठ करायची नाही, मोबाइल खिशातच ठेवायचा, आणि पुढची गाडी येत असेल तर कोन पडलेला राहिला तरी चालेल. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, गाडी माणसाच्या चालीने न्यायची, तिथे मुलंही फिरत असतात. दुसरा धोका उंच गाड्यांचा. गाडी उलटणं हे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतं, म्हणून बरेच आयोजक उंच एसयूव्ही घेतच नाहीत. अशा गाडीला जास्त पकडीचे टायर लावले की धोका वाढतो, कारण घसरून सुटायच्या ऐवजी ती कलंडते. तुमची गाडी नाकारली तर वाद घालू नका.

आता सर्किटकडे येतो. मी पाहिलेले गंभीर प्रकार बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुरू होतात. वळणातून बाहेर पडताना गाडी थोडी जास्त रुंद जाते आणि बाहेरची दोन चाकं डांबर सोडून गवतात उतरतात. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या सेकंदात. चालक दचकून स्टिअरिंग ट्रॅककडे वळवतो. गवतावर पकड नसल्याने गाडी वळत नाही, म्हणून तो अजून वळवतो. मग पुढचं चाक डांबरावर चढतं, एकदम पकड मिळते आणि आधीच वळवून ठेवलेल्या त्या स्टिअरिंगमुळे गाडी आडवी होऊन ट्रॅक ओलांडते आणि समोरच्या भिंतीवर जाते. शेजारी बसल्यावर हे सगळं माणसाच्या मनगटात आधी दिसतं: बोटं पांढरी पडतात आणि कोपर वर येतं. त्या क्षणी मी एवढंच म्हणतो, "सरळ, सरळ, सरळ." स्टिअरिंग सरळ धरा, गाडी गवतातून जाऊ द्या, वेग उतरला की मागे बघून हळूच परत या. चारही चाकं बाहेर गेली तरी चालतील. फिरायला लागलेली गाडी सावरत नाही असं दिसलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. ब्रेक मधेच सोडला तर गाडी कुठल्या दिशेने उसळेल याचा नेम नसतो, आणि मागून येणाऱ्यालाही तुम्हाला चुकवता येत नाही.

नजरेचंही तसंच आहे. भिंतीकडे बघाल तर हात तिकडेच नेतात. जिथे जायचंय तिथे बघा, हे इन्स्ट्रक्टर दिवसभर बोलत राहतो, कारण घाबरल्यावर पहिली सुटते ती नजरच.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहितो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मिसळलं की ते कमी तापमानाला उकळतं. मानकांनुसार नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको. पाणी शोषलेल्याची मर्यादा 155 वर येते. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180 आहेत. सर्किटवर लांब सरळ पट्ट्यानंतर वारंवार जोराचे ब्रेक मारले की जुन्या ऑइलला ही मर्यादा गाठायला फार फेऱ्या लागत नाहीत. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल मऊ होतं, खाली जातं, गाडी थांबत नाही. पॅड तापून निकामी होतात तेव्हा उलट होतं: पेडल कडकच असतं, पण पकड लागत नाही. दोन्ही लक्षणं ओळखता आली पाहिजेत. पेडल किंचित जरी लांब लागलं तरी त्याच फेरीत वेग कमी करून आत, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात त्या पिटमध्ये, यायचं. त्यातूनही पेडल पूर्ण खाली गेलं तर भराभर दोनतीनदा पंप करा आणि गिअर उतरवत चला. ट्रॅक डेच्या आधी ताजं ऑइल भरून घ्या आणि पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदला. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारायची, म्हणजे वाऱ्याने डिस्क थंड होतात. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला तर डिस्क खराब होते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा.

बाकी तयारी सोपी आहे. डिकी, दाराचे कप्पे आणि सीटखालची जागा रिकामी करा. ड्रायव्हरकडची मॅट काढा. स्टेपनी नीट आवळलेली आहे का बघा. व्हील नट टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, तो आत आल्याबरोबर मोजा.

हेल्मेटच्या बाबतीत, हेल्मेटची प्रमाणं ठरवणाऱ्या स्नेल संस्थेचं एसए प्रमाण गाडीसाठी आणि एम प्रमाण मोटरसायकलसाठी असतं. एसएमध्ये आगीची चाचणी असते, रोल केजच्या (गाडीत आतून बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) नळीवर पुन्हापुन्हा आपटण्याची चाचणीही असते. काही ऑटोक्रॉसना एम चालतं. सर्किटला जाणार असाल तर सुरुवातीलाच एसए घ्या.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र पुढच्या मुद्द्यावर आहे. अर्धवट सुरक्षासाधनं बसवू नका. कंपनीची सीट, तीन बिंदूंचा पट्टा आणि एअरबॅग हा एकमेकांसाठी बनवलेला संच आहे. त्यात नुसता रेसिंगचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे, घातला तर शरीर सीटला घट्ट बांधलं जातं. गाडी उलटून छत दबलं, तर तीन बिंदूंच्या पट्ट्यात माणूस निदान बाजूला झुकतो. हार्नेसमध्ये तो ताठ बसलेला राहतो आणि छत डोक्यावर येतं. म्हणून हार्नेस घ्यायचा तर रोल बार (छत दबू न देणारी मजबूत नळी) आणि योग्य सीटही हवीच. खांदे घट्ट बांधले की धडकेत डोकं एकटंच पुढे फेकलं जातं, म्हणून मानेसाठी हॅन्सही (हेल्मेटला बांधून डोकं पुढे फेकलं जाऊ न देणारं साधन) हवा. 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत नॅसकार या अमेरिकन शर्यत-मालिकेतला चालक डेल अर्नहार्ट भिंतीला धडकून मरण पावला. त्याच्या कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होतं आणि त्याने हॅन्स वापरला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने मान सुरक्षित ठेवणारं साधन सक्तीचं केलं. आणि रोल केज लावलेली गाडी रोज हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणं हा स्वतंत्र धोका आहे, कारण ती नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर असते. नवख्याने एक-दोन हंगाम गाडी कंपनीतून आली तशीच ठेवावी, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवावं, आणि उरलेले पैसे इन्स्ट्रक्टरवर खर्च करावेत.

सकाळची ड्रायव्हर मीटिंग चुकवू नका. झेंडे सगळीकडे जवळपास सारखे असतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, काळा म्हणजे आत या, निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे. पण लाल झेंड्याला काही आयोजक जागीच कडेला थांबवतात, काही सावकाश पिटमध्ये बोलावतात. हे त्या दिवशी विचारूनच घ्यायचं. फेरीत प्रत्येक मार्शल पोस्टकडे नजर गेलीच पाहिजे.

दुपारनंतर लक्ष उतरतं. सकाळी जमलेला ब्रेकिंग पॉइंट संध्याकाळी चुकायला लागतो आणि त्याच वेळी "आता एक शेवटची जोरदार फेरी" असं मनात येतं. पाणी पीत राहा, आणि दोन वळणं सलग चुकली की ते सत्र तिथेच सोडा. शेवटचं सत्र न करता निघालेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही.

पैशांचं आधीच बघून ठेवा. बहुतेक वाहन विमा पॉलिसींत शर्यत किंवा वेगचाचणीतलं नुकसान वगळलेलं असतं, आणि आयोजक तुमच्याकडून जबाबदारी सोडल्याची सही घेतो. काही ठिकाणी गार्डरेलचा खर्चही तुमचाच. जर्मनीतल्या 20.8 किमीच्या न्यूरबर्गरिंग नॉर्डश्लाइफवर सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वेळेत सार्वजनिक रस्त्याचे नियम लागू असतात, वेळ मोजायला बंदी असते, आणि मोडलेल्या गार्डरेलचं आणि गाडी ओढून नेण्याचं बिल चालकाला येतं. गाडी पूर्ण गेली तर झेपेल का, याचं उत्तर नाही असं असेल तर ऑटोक्रॉसच करत राहा, त्यातही वर्षानुवर्षं शिकण्यासारखं असतं.

निघण्याआधी टायरमधली हवा रस्त्याच्या दाबावर आणा, नट पुन्हा आवळा, पॅड किती उरलेत ते चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बघा आणि पेडल दाबून बघा. मग निदान अर्धा तास बसा. दिवसभर वेगात राहिल्यावर हायवेवरचा 100 चा वेग फार कमी वाटतो, आणि तिथे समोरून वाहनं येत असतात.