अध्यक्षांचा जवळचा माणूस कोण? व्हाइट हाउसची दैनंदिनी वाचायची रीत

अमेरिकेचे अध्यक्ष खरं कुणाचं ऐकतात, हे हुद्द्यांच्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी त्यांची दैनंदिनी, म्हणजे त्यांच्या भेटी आणि फोनांची कर्मचाऱ्यांनी ठेवलेली रोजची नोंद, उघडावी. जॉन्सन, निक्सन, फोर्ड, कार्टर यांच्या दैनंदिन्या त्यांच्या अध्यक्षीय ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात.

सुरुवात निक्सन यांच्यापासून करा. त्यांच्या नोंदी ताडून पाहायला त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितीही आहेत: फेब्रुवारी 1971 ते जुलै 1973, सुमारे 3,700 तासांच्या. दैनंदिनीच्या पानावर आत-बाहेरच्या वेळा, फोनचा रकाना आणि भेटलेल्यांची नावं असतात. फोनच्या रकान्यात ‘पी’ म्हणजे अध्यक्षांनी लावलेला फोन, ‘आर’ म्हणजे त्यांना आलेला.

एक महिना निवडा, शक्यतो संकटाचा. वहीत नाव, वेळ, मिनिटं आणि फोन कुणी लावला, असे चार रकाने आखा. मंत्रिमंडळासारख्या ठरलेल्या बैठका बाजूला काढा. तिथे हजर राहणं हे कामच असतं. मग रात्रीच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या नोंदींत ‘पी’ कुणाच्या नावापुढे पडतो, ते मोजा. नुसत्या भेटी मोजल्या की हमखास चुकतं, कारण चीफ ऑफ स्टाफचं (अध्यक्षांच्या कार्यालयाच्या प्रमुखाचं) नाव कागदपत्रांच्या निमित्तानेही दिवसभर येत राहतं.

दैनंदिनीची मोठी उणीव म्हणजे घरातली माणसं. विश्वासू सल्लागार हॅरी हॉपकिन्स 10 मे 1940 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे व्हाइट हाउसमध्ये जेवायला आले, रात्री तिथेच राहिले आणि तो मुक्काम साडेतीन वर्षं चालला. त्याच वर्षी त्यांनी व्यापारमंत्रिपद सोडलं. तरी जानेवारी 1941 मध्ये चर्चिल यांना भेटायला अध्यक्षांनी पाठवलं ते त्यांनाच. अशा माणसाला भेटीची वेळ कशाला मागावी लागेल? पत्नीचंही तेच. रेगन यांचे चीफ ऑफ स्टाफ डोनाल्ड रीगन (आडनाव जवळजवळ सारखं, नातं काही नाही) फेब्रुवारी 1987 मध्ये गेले, त्यामागे नॅन्सी रेगन यांची नाराजी होती. ती भेटींच्या यादीत शोधून सापडत नाही. तिथे आठवणींची पुस्तकं वाचावी लागतात, तीही दोन्ही बाजूंची.

निष्ठा पारखायची तर माणूस पायउतार झाल्यानंतरच्या नोंदी बघा. 30 एप्रिल 1973 रोजी, वॉटरगेट प्रकरण तापलेलं असताना, निक्सन यांनी आपले चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन यांचा राजीनामा दूरचित्रवाणीवर जाहीर केला. त्याच रात्री दोघं फोनवर बोलले. कागदावर ती चार मिनिटांची नोंद. फीत ऐकली की कळतं: भाषण लोकांना कसं वाटलं, हे पूर्वीसारखं चार ठिकाणी फोन करून कळवाल का, असं निक्सन विचारतात. आता आपली अवस्था अवघड आहे, असं हाल्डमन सांगतात. तुमच्यावर माझं प्रेम आहे, हेही निक्सन त्याच फोनवर बोलून जातात. हे ऐकल्याशिवाय त्या नात्याबद्दल मत बनवू नये.

फितीवरही डोळे झाकून विसंबू नका. 20 जून 1972 च्या निक्सन-हाल्डमन संभाषणातली साडेअठरा मिनिटं पुसलेली आहेत. 1951 पासून निक्सन यांच्या सचिव असलेल्या रोझ मेरी वूड्स यांनी पाचेक मिनिटं आपल्या हातून चुकून पुसली गेली असावीत, असं सांगितलं. तज्ज्ञांना 1974 मध्ये किमान पाच वेळा पुसल्याच्या खुणा आढळल्या. अशा जागी तिसरा कागद शोधायचा. हाल्डमन यांनी त्या बैठकीत हाताने लिहिलेली टिपणं उपलब्ध आहेत.