खोकल्याचं मूल समोर आलं की आधी श्वास मोजा

बालरोग ओपीडीत नव्याने बसणाऱ्या इंटर्न आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. पावसाळ्यात आणि थंडीत येणाऱ्या बहुतेक मुलांना साधा सर्दी-खोकला असतो, त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. त्या गर्दीतून न्यूमोनियाचं मूल वेगळं काढायचं असतं. या कामात स्टेथोस्कोपपेक्षा घड्याळावर भिस्त ठेवा, कारण न्यूमोनिया असूनही लहान मुलाची छाती स्वच्छ ऐकू येऊ शकते.

मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच मोजा. आधी घसा पाहिलात तर ते रडेल आणि मग येणारा आकडा कामाचा नाही. आईला झबलं वर करायला सांगा, छाती आणि पोट जिथे मिळतात तिथे नजर ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही आणि मोजण्यातली दोनची चूक आठची होते. २ महिन्यांखाली ६०, २ महिने ते १ वर्ष ५०, १ ते ५ वर्षं ४०. एवढा किंवा याहून जास्त आकडा म्हणजे जलद श्वास, आणि खोकल्याच्या मुलात तो दिसला की न्यूमोनिया धरायचा. २ महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा वर आला तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर ते बाळ घरी पाठवायचं नाही. मोठ्या मुलाला सणसणून ताप असेल तर पॅरासिटामॉल देऊन, ताप उतरल्यावर परत मोजा.

हे मोजायला डॉक्टरच लागतो असंही नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्या दाईंना मणी आणि वाळूचं घड्याळ बसवलेलं साधन दिलं. आकडे न येणाऱ्या बायकांनीही त्यावर न्यूमोनिया ओळखला.

झबलं वर आहे तोवर बरगड्यांखालचा भाग पाहा. श्वास आत घेताना तो आत ओढला जात असेल तर आजार पुढे गेलेला आहे, वरिष्ठांना दाखवा. पोटावर चटक्यांचे डाग आहेत का तेही पाहा. आजार बरा व्हावा म्हणून बाळाच्या पोटाला चटके देण्याची प्रथा मेळघाटात अजून पुरती गेलेली नाही. डाग दिसले तर आईवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती येणारच नाही.

दूध-पाणी घेत नाही, सगळं ओकून टाकतं, झटका आला, सुस्त पडून आहे, शांत असतानाही श्वास घेताना घरघर होते किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली आहे: यातलं एकही असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन दाखल करायला पाठवा. ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नसेल तर पायाच्या अंगठ्याला लावा आणि आकडा स्थिर होऊ द्या. छातीत शिट्टी वाजत असेल तर स्पेसरने (इनहेलरला जोडायच्या नळीने) साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध द्या, १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा. श्वास खाली आला तर अनेकदा अँटिबायोटिकची गरजच उरत नाही.

सर्वांत जास्त चुका डोसमध्ये होतात. न्यूमोनियाचं अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन: एका वेळी किलोला ४० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ५ दिवस. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी ४०० मिग्रॅ. सवयीने '५ मिली तीनदा' लिहिलं आणि बाटली १२५ची (५ मिलीत १२५ मिग्रॅ) निघाली, तर दिवसाला ८०० ऐवजी ३७५ मिग्रॅच जातं; मूल बरं होत नाही आणि आपण औषध बदलत बसतो. म्हणून वजन करूनच लिहा आणि मिलीच्या शेजारी बाटलीची ताकदही लिहा. पॅरासिटामॉलमध्ये धोका उलटा आहे. याच मुलाला १५० मिग्रॅ म्हणजे १२५च्या सिरपचे ६ मिली, पण १ मिलीत १०० मिग्रॅ असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. घरात ड्रॉप्स असतील आणि आईने ६ मिलीच पाजले तर चौपट डोस जातो. घरातली बाटली आणायला सांगा आणि डोसाची खूण सिरिंजवर पेनाने करून द्या.

कोरड्या सिरपमध्ये उकळून थंड केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं घालायचं, ते आईकडून तिथेच करून घ्या. २ वर्षांखाली खोकल्याचं सिरप लिहू नका. दोन दिवसांनी परत बोलवा, आणि तेव्हाही खोकला किती आहे हे विचारण्याआधी श्वास मोजा: खोकला आठवडाभर रेंगाळू शकतो, श्वास मात्र या भेटीपर्यंत खाली यायला हवा.