झोपण्याआधीची दहा मिनिटं: उमेद टिकवणारी वही

'जरा पॉझिटिव्ह विचार कर' असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण कसा करायचा ते कुणी सांगत नाही. मानसशास्त्रात त्याची कृती बऱ्यापैकी नेमकी ठरलेली आहे. साहित्य फार नाही: एक शंभरपानी रेघी वही, पेन आणि झोपण्याआधीची दहा मिनिटं. मोबाईलवर लिहू नका. नोंद करायला म्हणून फोन उघडतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा तास जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला आठवडा: तीन गोष्टी आणि त्यांचं कारण

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला हा प्रयोग आहे. दिवसभरात बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती कशामुळे घडली तेही लिहायचं. असं सलग सात दिवस. त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही लोकांच्या समाधानात फरक दिसला. ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला.

सगळी मेख 'कशामुळे' या रकान्यात आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात. 'मुलगा न सांगता अभ्यासाला बसला' एवढ्यावर थांबू नका. 'काल आम्ही दोघांनी मिळून त्याच्या टेबलावरचा पसारा आवरला होता' हे लिहिलं की चांगलं घडवण्यात आपलाही हात असतो, हे मनाला दिसायला लागतं. 'देवाची कृपा' लिहायला हरकत नाही, पण त्याखाली माणसाच्या हातून झालेलं काहीतरी एक लिहाच.

दुसरी चूक चौथ्या दिवशी होते. 'कुटुंब, तब्येत, नोकरी' असं रोज तेच लिहिलं की वहीचं हजेरीपत्रक होतं. म्हणून नियम असा, की गोष्ट आजचीच हवी आणि काल लिहिलेली चालणार नाही. ती क्षुल्लक असली तरी बिघडत नाही. '७.४२ ची लोकल वेळेवर आली, खिडकी मिळाली' ही उत्तम नोंद आहे. आठवडा संपला की रोज लिहायचा हट्ट सोडा आणि रविवारी रात्री एकदाच लिहा. कृतज्ञतेच्या नोंदींवरच्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना जास्त उपयोग झाला होता. अतिपरिचय इथेही नडतो.

दुसऱ्या आठवड्यापासून: मनातलं वाक्य तपासणं

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनामुळे आणि व्याख्यानांमुळे ती मराठी घरांत बरीच पोचली आहे. वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा: घटना, मनात आलेलं वाक्य, भावना (शंभरपैकी किती), तपासलेलं वाक्य.

समजा, तिसऱ्या मुलाखतीनंतरही नकाराचा मेल आला. मनात वाक्य उमटतं, 'मला कुणी घेणारच नाही.' निराशा ८५. आता त्या वाक्याला तीन प्रश्न विचारा. याला पुरावा काय? हे कायमचं आहे का? एका बाबतीतलं अपयश आयुष्यभराला लागू होतं का? उत्तरं लिहिली की चौथ्या रकान्यात असं काहीतरी येतं: 'तीन ठिकाणी निवड झाली नाही. दोनदा एक्सेलच्या प्रश्नावर अडखळलो. वाईट वाटणारच. एक्सेल शिकता येतं.' आता पुन्हा आकडा लिहा. ८५ चा ५५ झाला तर काम झालं. शून्य होणार नाही आणि होऊही नये. नकार आल्यावर दुःख होणं हे निरोगी मनाचंच लक्षण आहे.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं म्हणजे घटनेच्या रकान्यात आपला अर्थ घुसतो. 'साहेबांनी मुद्दाम टाळलं' ही घटना नाही. 'साहेब समोरून गेले, बोलले नाहीत' ही घटना. सीसीटीव्हीत दिसेल तेवढंच लिहायचं. दुसरं म्हणजे चौथ्या रकान्यात 'मी सर्वोत्तम आहे' छापाचं वाक्य येतं. मन त्याला लगेच खोटं पाडतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या २००९ च्या संशोधनात दिसलं, की ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं त्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं. वाक्य गोड नसलं तरी चालेल, खरं मात्र हवं.

उमेदीसाठी एक पान वेगळं

मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीत आशेचे तीन भाग आहेत: ध्येय, तिथे जायच्या वाटा आणि आपण चालू शकतो हा भरवसा. ध्येय चार आठवड्यांत पुरं होईल एवढंच घ्या. 'आनंदी राहायचं' हे ध्येय नव्हे. 'महिनाअखेर एक्सेलचे बारा धडे' हे ध्येय. त्याखाली किमान दोन, जमल्यास तीन वाटा लिहा. एकच वाट असली आणि ती बंद झाली, की माणूस ध्येयच सोडून देतो.

नुसतं यशाचं चित्र रंगवत बसू नका. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अभ्यासांत अशा स्वप्नरंजनाने प्रयत्न कमी झालेले दिसले, कारण मन आधीच पोचल्यासारखं निवांत होतं. चित्र रंगवून झालं की लगेच अडथळा लिहा, तोही स्वतःतला: आळस, भीती, लाज. मग जर-तरचं वाक्य: 'जर ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर पसरावंसं वाटलं, तर चहाचा कप ठेवताच लॅपटॉप उघडीन.' वेळ आणि खूण जितकी नेमकी, तितकं ते पाळलं जातं. मूड येण्याची वाट पाहू नका. बहुतेकदा आधी काम होतं, मूड मागून येतो.

वही कुठे पुरत नाही

पगार तीन महिने थकला असेल तर विचार तपासत बसण्यात अर्थ नाही. कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा शोधा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन रोज उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्या.