मल्टिप्लेअर गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर ज्ञानकोशातली नोंद कशी लिहावी

तटस्थ लिहायचं म्हणजे विशेषणं गाळायची, असा सल्ला पहिल्याच दिवशी कुणीतरी देतं. तो अर्धवट आहे. एकही विशेषण नसलेली आणि तरीही पहिल्यापासून शेवटपर्यंत जाहिरात असलेली नोंद मी स्वतः लिहिली आहे. ती काढून टाकली गेली तेव्हा कारणही मला कळलं नव्हतं. त्यानंतर गेम इंजिनं, नेटवर्किंगच्या लायब्रऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच), सर्व्हर सेवा यांच्यावर बऱ्याच नोंदी लिहिल्या. नवख्याचा पाय हमखास घसरतो ती जागा एकच आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग तिथेच जाईल. सॉफ्टवेअर कोणी बनवलं, कधी आलं, त्यात कुठल्या भाषेत कोड लिहितात, एवढं तुम्ही शोधून ठेवलं आहे असं धरून चालते.

१. ही वस्तू नेमकी कोणती, ते ठरवा

‘ऑनलाइन गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर’ या नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. युनिटी, अनरियल, गोडो ही पूर्ण गेम इंजिनं. चित्र, आवाज, हालचाल, नेटवर्क सगळं त्यांच्यातच. रॅकनेट किंवा मिरर या फक्त नेटवर्किंगच्या लायब्रऱ्या, दुसऱ्या कशाला तरी जोडायच्या. फोटॉन आणि नकामा खेळाडूंना एकमेकांशी जोडण्याची, सामने लावण्याची सर्व्हरकडची बाजू सांभाळतात. आणि रोब्लॉक्समध्ये गेम बनतो तिथेच तो खेळलाही जातो, म्हणून ते व्यासपीठ. पहिल्या वाक्यात हा प्रकार चुकला तर पुढची सगळी तुलना चुकते. लायब्ररीला ‘इंजिन’ म्हटलेल्या नोंदी मी इतक्या पाहिल्या आहेत की आता पहिली नजर तिथेच जाते.

‘गेम इंजिन’ हाच शब्द वापरा. ‘क्रीडायंत्र’ वगैरे घडवू नका. वाचक तो शोधणार नाही आणि समजणारही नाही.

२. स्रोतांचे दोन ढीग करा

एका ढिगात कंपनीचं किंवा प्रकल्पाचं स्वतःचं म्हणणं: दस्तऐवज, निवेदनं, परवान्याचा मजकूर. दुसऱ्यात बाहेरच्यांचं: पत्रकारांचे लेख, शोधनिबंध, त्या सॉफ्टवेअरवर गेम बनवलेल्यांनी गेम संपल्यावर लिहिलेले अनुभव. आवृत्ती, तारीख, परवाना यांना पहिला ढीग चालतो. चांगलं, वेगवान, सोपं, लोकप्रिय यातलं काहीही फक्त दुसऱ्या ढिगातून यायला हवं. दुसरा ढीग रिकामाच राहिला तर नोंद लिहू नका. सॉफ्टवेअर कितीही आवडतं असलं तरी.

३. तटस्थपणा: इथे वेळ द्या

माझी ती पहिली नोंद चौदा वाक्यांची होती. प्रत्येक वाक्य खरं. ‘उत्कृष्ट’, ‘आधुनिक’ असा एकही शब्द नाही. पण चौदापैकी तेरा वाक्यांचा आधार कंपनीचंच संकेतस्थळ होता. कंपनीला जे सांगायचं होतं तेवढंच मी सांगितलं होतं, आणि तिच्याच क्रमानं. परवान्यातल्या अटी नाहीत, सोडून गेलेले वापरकर्ते नाहीत, अर्धवट राहिलेली सोय नाही. पक्षपात शब्दांत नव्हता, निवडीत होता.

मग दुसऱ्या खेपेला मी तळाशी ‘टीका’ असा विभाग घातला आणि सापडली तेवढी गाऱ्हाणी त्यात ओतली. तीही नोंद परत आली, आणि योग्यच झालं. वर स्तुती आणि खाली शिव्या यांची बेरीज शून्य होत नाही. तिसऱ्या खेपेला प्रत्येक अडचण तिच्या जागी नेली: परवान्याची अट परवान्याच्या परिच्छेदात, वेगाची तक्रार नेटवर्कच्या परिच्छेदात, बदललेले दर इतिहासात. ‘टीका’ विभाग पुन्हा कधी केला नाही, तुम्हीही करू नका.

*आकडे.* या विषयातला सर्वांत फसवा शब्द ‘हजारो खेळाडू’. तो दिसला की तीन प्रश्न विचारा. हजारो म्हणजे एका जगात एकमेकांना दिसणारे, की शेकडो वेगळ्या खोल्यांत, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या सामन्यांत, मिळून? मोजले कोणी? आणि मोजताना खेळाचा वेग काय होता? फोटॉनसारख्या सेवांचे दर एकाच वेळी जोडलेल्या वापरकर्त्यांच्या संख्येवर ठरतात. ती संख्या सगळ्या खोल्या मिळून असते, एका सामन्यातल्या खेळाडूंची नव्हे. हा फरक न कळता लिहिलेली वाक्यं सर्रास सापडतात.

आकडा कसा लिहावा, याचा चांगला धडा एका गेममध्येच आहे. जानेवारी २०१४ मध्ये ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या मल्टिप्लेअर गेममध्ये बी-आर५आरबी या ताऱ्याजवळ मोठी लढाई झाली. तिच्यात एकूण ७,५४८ पात्रं उतरली, पण एका क्षणी तिथे जास्तीत जास्त २,६७० होती. आणि सर्व्हरला भार पेलावा म्हणून तिथला काळ नेहमीच्या १० टक्के वेगानं चालवला जात होता. तीनपैकी पहिलाच आकडा लिहिला तर तो खोटा नसतो, पण वाचक फसतो. तिन्ही लिहा, बाकी काही लिहावं लागत नाही.

आता एक कल्पित उदाहरण जवळून पाहा. मूळ वाक्य असं: ‘या इंजिनाच्या साहाय्याने हजारो खेळाडू एकाच जगात खेळू शकतात.’ सुधारलेलं असं: ‘कंपनीने जाहीर केलेल्या चाचणीत एका सर्व्हरवर १,००० पात्रे होती.’ म्हणणारा आला, मोजमाप आलं, ‘शकतात’ गेलं. इथे थांबा. पुढे ‘मात्र ती पात्रे हलत होती की स्थिर, हे कंपनीने सांगितलेले नाही’ असं जोडायचा मोह मला दर वेळी होतो. शंका रास्त आहे, पण ती माझी आहे. ती बाहेरच्या एखाद्या जाणकारानं छापून मांडली असेल तर त्याच्या नावानं द्या, नसेल तर पोटात ठेवा.

*‘मोफत’.* हा एकटा शब्द नोंदीत कधीही ठेवू नका. गोडोचा कोड २०१४ पासून खुला आहे, कोणालाही वापरू आणि बदलू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली; त्यावर बनवलेल्या गेमच्या कमाईत प्रकल्पाचा वाटा नाही. अनरियल मार्च २०१५ पासून गेम बनवणाऱ्यांना विनाशुल्क मिळू लागलं, पण कमाईवर ५ टक्के स्वामित्वशुल्क ठेवून. २०२० मध्ये एका गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर ते माफ झालं. ॲमेझॉनचं लंबरयार्ड हे गेम इंजिन फेब्रुवारी २०१६ मध्ये आलं ते पैसे न घेता आणि स्वामित्वशुल्कही न मागता. पण गेम क्लाउडवर ठेवायचा तर तो ॲमेझॉनच्याच. स्वतःचे सर्व्हर चालत, दुसऱ्या कंपनीचा क्लाउड चालत नसे. तिन्ही ‘मोफत’, आणि तिघांचा अर्थ वेगळा. मल्टिप्लेअर गेमला सर्व्हरचा खर्च महिनोन्‌महिने लागतो, त्यामुळे तिसरी अट बारीकसारीक मुळीच नव्हे. म्हणून किंमत लिहिताना अट त्याच वाक्यात द्या, पुढच्या परिच्छेदात नाही.

*वाद.* वादावर लिहिताना प्रमाण बिघडतं. युनिटीच्या शुल्काचा वाद ताजा होता तेव्हा काही नोंदींचा अर्धा भाग त्यानंच भरला होता. एवढं पुरतं:

‘१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने ठरावीक मर्यादेपलीकडे गेमच्या इंस्टॉलच्या संख्येवर आकारायचे रनटाइम शुल्क जाहीर केले, ते १ जानेवारी २०२४ पासून लागू होणार होते. अनेक गेम विकसकांनी त्याला विरोध केला. त्याच महिन्यात कंपनीने अटी शिथिल केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटेलो यांनी पद सोडले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी कंपनीने हे शुल्क रद्द केले.’

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याच्या मध्ये ‘त्यामुळे’ घालून पाहा. एका शब्दानं तुम्ही एका माणसाच्या पद सोडण्याचं कारण जाहीर केलंत. ‘त्यानंतर’ म्हणजे तारीख, ‘त्यामुळे’ म्हणजे निवाडा. निवाड्याला स्वतंत्र स्रोत लागतो आणि तो कोणाचा हेही वाक्यात यावं लागतं.

*बारीक शब्द.* मराठीत मत विशेषणापेक्षा अव्ययांतून जास्त शिरतं. ‘केवळ चार खेळाडूंना जोडते’ आणि ‘चार खेळाडूंना जोडते’ यांत माहिती तीच, सूर वेगळा. ‘च’ तपासा: ‘याच इंजिनाने हे शक्य केले’. ‘चक्क’, ‘अखेर’, ‘तब्बल’, ‘तर सोडाच’ सगळे काढा. ‘मात्र’ आणि ‘तरीही’ प्रत्येक वेळी थांबून वाचा. बहुतेकदा ते उडवले तरी वाक्य उभं राहतं. क्रियापदंही तशीच: कंपनीनं ‘म्हटले’ हे ठीक, ‘दावा केला’ म्हटलं की अविश्वास आला, ‘कबूल केले’ म्हटलं की गुन्हा आला. आणि ‘सर्वोत्तम मानले जाते’ या वाक्याला मी सरळ हात घालते. कोण मानतं? नाव देता येत नसेल तर वाक्य गेलंच पाहिजे.

लिहून झालं की नोंद दोन दिवस बाजूला ठेवा. मग आधी त्या कंपनीत काम करणाऱ्याच्या नजरेनं वाचा, नंतर ते सॉफ्टवेअर रागानं सोडलेल्याच्या नजरेनं. दोघांनाही माहिती खरी म्हणून मान्य व्हावी आणि दोघांनाही ‘अजून थोडं हवं होतं’ असं वाटावं. एकजण खूश झाला तर पुन्हा बसा.

४. तंत्र सांगताना गुण-दोष चिकटवू नका

अनरियलमध्ये खेळाची खरी स्थिती सर्व्हरकडे असते आणि तो ती खेळाडूंच्या संगणकांकडे पाठवत राहतो. याला रेप्लिकेशन म्हणतात. एवढं लिहा. ‘त्यामुळे फसवणूक होऊ शकत नाही’ असं लिहू नका. भिंतीपलीकडे उडी मारल्याचं खोटं सांगणाऱ्या खेळाडूला असा सर्व्हर अडवू शकतो. पण नेम धरायचं काम दुसऱ्या प्रोग्रामकडे दिलेल्या खेळाडूकडून सर्व्हरला दिसायला साधाच नेम येतो. तंत्र काय करतं ते सांगा, ते किती भलं आहे ते नको.

५. ‘पहिले’ हा शब्द आला की थांबा

जवळजवळ नेहमी त्याच्या आधी कुणीतरी असतंच. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी मड हा अनेकांनी मिळून खेळायचा, मजकुरावर चालणारा गेम लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. पण प्लेटो या शैक्षणिक संगणक प्रणालीवर सत्तरच्या दशकातच अनेकांनी मिळून खेळायचे गेम होते. गेमपासून वेगळं काढता येणारं साधन ही कल्पनाही नवी नाही. लार्स पेन्शो यांच्या १९८९ च्या एलपीमड या मड बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रणा चालवणारा भाग वेगळा होता आणि जग घडवणारा कोड एलपीसी या भाषेत वेगळा. म्हणजे कोणी २००० नंतरच्या इंजिनाला ‘मल्टिप्लेअरसाठीचे पहिले साधन’ म्हटलं की ते ओलांडून पुढे जा. क्वेक या गेमच्या क्वेकवर्ल्ड या इंटरनेटवर खेळायच्या आवृत्तीत १९९६ साली सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची चाल त्याच्याच संगणकावर आधी दाखवली जात होती. हे वर्षासह लिहिलं की पुरतं, ‘पहिल्यांदा’ची गरज नाही.

६. माहितीचौकट भरा

नोंदीच्या कडेला ठळक माहितीचा जो तक्ता असतो तो: नाव, बनवणारे, पहिली आवृत्ती, ताजी आवृत्ती तारखेसह, परवाना. दहा मिनिटांचं काम.

७. प्रत्येक बदलत्या गोष्टीला तारीख लावा

‘सध्या’, ‘आजकाल’, ‘नुकतेच’ हे शब्द नोंदीत सहा महिन्यांत खोटे ठरतात. आवृत्ती, दर, वापरकर्त्यांची संख्या यांच्यापुढे महिना आणि वर्ष हवं. या क्षेत्रात सॉफ्टवेअर लवकर बंद होतं, विकलं जातं, नाव बदलतं. रॅकनेट २०१४ मध्ये ऑक्युलस या व्हर्च्युअल रिॲलिटीच्या कंपनीनं घेतलं आणि कोड खुला केला. लंबरयार्डमधून २०२१ मध्ये ओपन थ्रीडी इंजिन निघालं, लिनक्स फाउंडेशनकडे गेलं आणि वर सांगितलेली क्लाउडची अट उरली नाही.

बंद पडलेल्याची नोंद पुसू नका. ‘आहे’चं ‘होते’ करा, शेवटची आवृत्ती आणि बंद झाल्याचं वर्ष द्या, आणि तो कोड पुढे कुठे गेला ते शोधा. युनिटीनं आपली युनेट ही नेटवर्क यंत्रणा मागे घेत असल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. तिच्याच कोडवरून मिरर उभी राहिली आणि तिच्यावर गेम बनत राहिले. युनेटच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य मिररबद्दलचं असायला हवं, आणि मिररच्या नोंदीतलं दुसरं वाक्य युनेटबद्दलचं.